बिल्ल्यामागचा पांढरा रंग

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी पिकअप उभी होती. गॅरेज लेक आणि जावई मिळून चालवायचे. पिकअप म्हाताऱ्याची, लेकीच्या वडिलांची. जावई इंजिनं उघडायचा. लेक पत्रा ठोकायची, खळग्यांत लांबी भरून घासायची, रंग मारायची. तिच्या हाताखालून निघालेल्या गाडीला धक्का कुठे बसला होता, हे धक्का मारणाऱ्यालाही ओळखता यायचं नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. म्हाताऱ्याच्या छातीत आता दम उरला नव्हता. दिवसभर तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकून तोंड वाकडं करायचा.

रंगकामासाठी बंद खोली बांधायची होती, म्हणून शेड रिकामी करायचं ठरलं.

"बाबा, विकत नाही हो, नुसती बाहेर काढतो," जावई म्हणाला.

जावयाने टायरांत हवा भरली, शेजारच्या दुकानातल्या माणसांना हाताशी घेतलं, गाडी उजेडात ढकलली आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवायला लागला. राखाडी-निळ्या रंगाचे पोपडे आधीच सुटत आले होते. पुढच्या डाव्या मडगार्डवर तळहाताएवढा एक उंचवटा होता. जुनं ठिगळ असेल, असं सगळे धरून चालले होते. फवाऱ्याने त्यावरचा पोपडा उडाला आणि खालून लाल रंग चमकला.

ठिगळ नव्हतंच ते. पितळी बिल्ला होता. लंबगोल, काठाला दोरीसारखा बारीक पीळ, मधे भट्टीत भाजून बसवलेला काचेसारखा लाल रंग, आणि त्या लालावर एक उघडा पंजा. पंजावर दिवा. उजव्या मडगार्डवरचा पोपडा खरवडला तर तिथेही तसाच दुसरा.

"अगं, बघ तरी," जावयाने हाक मारली. "तुझ्या बाबांच्या गाडीच्या अंगावर दागिने निघाले."

लेक हात पुसत आली. जुन्या गाड्या तिने खूप पाहिल्या होत्या, पण या कंपनीच्या गाडीवर असा बिल्ला कधी पाहिला नव्हता. तिने विचारायला मागे वळून पाहिलं. म्हातारा खुर्चीतून उठून दाराची चौकट धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"कुणी सांगितलं होतं खरवडायला?"

"पाण्यानेच गेला हो, बाबा."

"नकली आहेत ते. भंगारातून आणून मीच लावले होते. हौस म्हणून."

एवढं बोलून तो आत गेला आणि दुपारी जेवायला बाहेर आला नाही.

जावयाला जुन्या गाड्यांचा नाद. तसल्याच नादिष्ट लोकांचा मोबाइलवर एक गट होता. त्यात त्याने बिल्ल्याचा फोटो टाकला. झालं, मधमाश्यांच्या पोळ्याला दगड लागला. एकाने लिहिलं, कंपनीने असा बिल्ला जन्मात काढला नाही. दुसऱ्याने लिहिलं, मोठ्या गिऱ्हाइकांसाठी खास काढून द्यायचे, माझ्या आजोबांकडून ऐकलंय. तिसऱ्याला ते स्टोव्हच्या टाकीचं पितळ वाटलं, चौथ्याने त्याची री ओढली, आणि पाचव्याने बिल्ला राहू दे, सबंध गाडीच नकली ठरवली.

"आता उद्या मलाच नकली ठरवतील," जावई हसत म्हणाला.

लेकीलाही हसू आलं. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. हौसेने बिल्ले लावणारा माणूस त्यांच्यावर रंग कशाला फासेल? आणि तोही एक हात नव्हे. ब्रशचे थरावर थर. दुसऱ्या दिवशी चहा देताना तिने वडिलांना ते विचारलंच.

"गाडी रंगवताना रंगले," म्हातारा म्हणाला.

"काचांवर कागद चिकटवून रंगवलीत. दिव्यांवर चिकटवून रंगवलीत. बिल्लेच तेवढे विसरलात?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "फोटो काढून टाकायला सांग त्याला."

लेक कप घेऊन परतली. जगात ज्याला त्याला आपलं पितळ सोनं म्हणून मिरवायचं असतं. तिच्या गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक जण आपली गाडी असली, सगळे भाग मूळचे, असं शपथेवर सांगायचा. आपलीच वस्तू नकली आहे म्हणून हट्टाला पेटलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तो तिचा बाप होता.

फोटो काढून टाकला, पण तोवर तो हातोहाती लांब गेला होता. आठवड्याने एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण ठाम. त्या आयुष्यभर नर्स होत्या, आता निवृत्त होऊन आपल्या गावी राहत होत्या. गावातली कोळशाची खाण कधीच बंद पडली होती. खाणीच्या दिवे ठेवायच्या जुन्या खोलीत त्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून एक लहानसं स्मारक केलं होतं.

"पंजावर दिवा, ही आमच्या खाणीची खूण," त्या म्हणाल्या. "खाणीने जखमींसाठी दोन पांढऱ्या पिकअप बनवून घेतल्या होत्या, कंपनीकडून, बिल्ल्यासकट. तसा बिल्ला दुसऱ्या कुठल्याही गाडीवर नव्हता. स्फोट झाला त्या दिवशी एक गाडी खाणीच्या तोंडाशीच ढिगाऱ्याखाली चिरडली गेली. दुसरी पहिल्या जखमीला घेऊन इस्पितळाकडे निघाली आणि परत आलीच नाही. घाटातला रस्ता पावसाने खचलेला होता, खाली नदीला पूर. दरीत गेली असंच सगळ्यांनी धरलं. गाडी चालवणारा आणि जखमी, दोघं सख्खे भाऊ होते. दोघांची नावं आमच्या स्तंभावर आहेत."

बाईंनी ती दोन्ही नावं सांगितली. लेकीने ती कधी ऐकलेली नव्हती.

"मागे एकाने आम्हाला असाच बिल्ला आणून दिला होता," बाई म्हणाल्या. "आम्ही काचेच्या पेटीत ठेवला. बायका त्याच्यापुढे उभ्या राहून रडल्या. मग एका लहान पोराने नखाने टोकरलं तर लाल रंग निघून आला. पुन्हा तसं नको व्हायला. तुम्ही रंगकाम करता असं कळलं. तुम्हीच नीट बघून ठेवा, असली की नकली. रविवारी मी येते. चिरडलेल्या गाडीचा बिल्ला आमच्याकडे आहे, तो ताडून बघायला आणते."

फोन ठेवल्यावर लेकीने नवऱ्याला सगळं सांगितलं. फक्त दोघा भावांबद्दल बोलली नाही. तिच्या वडिलांना भाऊ नव्हता, बहीण नव्हती, गावही नव्हतं. 'मी एकटाच' एवढंच ते सांगत आले होते, आणि तिनेही कधी खोदून विचारलं नव्हतं.

छाती तपासायला जावई म्हाताऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला, तेव्हा लेक पाना घेऊन मडगार्डखाली शिरली. आतला वाळलेला चिखल तिने खरवडून काढला. प्रत्येक बिल्ल्याला मागून दोन नट होते. डाव्या बिल्ल्याच्या एका नटाचे कोपरे झिजलेले होते. कुणीतरी पकडीने फिरवायचा प्रयत्न करून मधेच सोडून दिला होता. बाकीचे नट रंगाने जागीच बसलेले, कधी हललेच नव्हते. ते सोडवायला तिला दुपार गेली.

बिल्ला हातात आला. त्याच्या खालचा पत्रा पांढरा होता. भोवती सगळा राखाडी-निळा, आणि मधे बिल्ल्याच्या आकाराचा कोरा पांढरा तुकडा, जणू कालच रंगवलेला.

तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. गाडी पांढरी असतानाही कुणी बिल्ला लावू शकतं. तिने बॅटरी भोकांवर धरली. घरी ड्रिलने भोक पाडलं की रंग तुटतो, काठ उघडा पडतो, वर्षभरात तिथे गंज धरतो. ही भोकं यंत्राने दाबून पाडलेली होती. काठ आतल्या बाजूला सारखे वळलेले, आणि त्या वळलेल्या काठावरून आधी तांबडा प्रायमर, मग पांढरा रंग आत ओघळून वाळला होता. भोकं आधी, रंग नंतर. म्हणजे गाडी कारखान्यातून निघतानाच बिल्ल्यासाठी जागा करून निघाली होती.

बिल्ले असली होते.

इथेच थांबावं असं तिला वाटलं. पण हात थांबेनात. तिने छपरावरून तळवा फिरवला, दारांवरून फिरवला, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब बोटांनी चाचपले. दरीत पडलेली गाडी तिने एकदा पाहिली होती. तिचं छप्पर सीटला टेकलं होतं. या गाडीचा पत्रा कुठेही ठोकलेला नव्हता, कुठेही लांबी भरलेली नव्हती. मग तिने मागच्या हौद्यातल्या फळ्या उचलल्या. खाली दोन्ही कडांना लोखंडी कड्यांची बुडं होती, करवतीने कापून घासलेली. स्ट्रेचर अडकवायच्या कड्या. तिने मोजल्या नाहीत. बघताच कळलं की चार माणसं आडवी नेता येतील अशी ती गाडी होती.

जावयाने म्हाताऱ्याला आधार देत आणलं तेव्हा बिल्ला पुन्हा जागेवर होता आणि लेक हात धूत होती. म्हाताऱ्याने तिच्या नखांकडे पाहिलं. नखांत चिखल होता.

सकाळी ती त्याच्यासमोर बसली. "बाबा, तुम्हाला भाऊ होता का?"

म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत लेक वाट बघत राहिली.

"रविवारी एक बाई येणार आहेत," ती म्हणाली. "खाणीकडून."

त्याने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

"नकली आहेत म्हणून सांग," तो म्हणाला. "तुझं ऐकतील. तू या कामातली आहेस."

"आणि मी काय बघितलंय ते?"

"कोळसा उगाळावा तितका काळाच, पोरी."

तिने तेव्हा नवऱ्याला उरलेलं सगळं सांगितलं. जावई बराच वेळ एका जुन्या पिस्टनवरची काजळी पुसत राहिला. मग म्हणाला, "आपण काय न्यायाधीश आहोत? म्हाताऱ्याचे दिवस किती उरलेत? नकली म्हण आणि मोकळी हो. त्या बाई आल्या तशा जातील. कुणाचं काय बिघडतंय?"

रविवारी बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, ताठ, पायांत मजबूत बूट, खांद्याला पिशवी. म्हातारा दाढी करून, धुतलेला सदरा घालून शेडच्या दारातल्या खुर्चीवर बसला होता. आत बसा म्हटलं तरी आत बसला नव्हता.

"हे माझे वडील," लेक म्हणाली.

"बसा, काका, उठू नका," बाई म्हणाल्या आणि थेट गाडीकडे वळल्या.

पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला बिल्ला काढला. दुमडलेला, अर्धा लाल रंग फुटलेला, मागे मडगार्डचा चिरफाळलेला तुकडा तसाच चिकटलेला. तो त्यांनी गाडीवरच्या बिल्ल्याशेजारी धरला. तोच पीळ, तोच पंजा, तोच दिवा.

"पुढून सारखाच दिसतो," बाई म्हणाल्या. "पण तो खोटासुद्धा पुढून सारखाच दिसायचा. मागून बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"नकली आहेत," ती म्हणाली. "भोकं हाताने पाडलेली आहेत. मागाहून लावलेत."

बाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत की काही नाही. टॉवेल नीट घडी करून बिल्ला त्यात ठेवला. पण दुसरा हात गाडीच्या बॉनेटवरून काढला नाही.

"बरंच झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "वाटेत येताना भीती वाटत होती. असली निघाली तर मग दरीत कोण गेलं, असा प्रश्न आला असता." त्या थोडं थांबल्या. "माझा मोठा भाऊ त्या दिवशी जखमींत होता. त्याला वर आणून खाणीच्या तोंडाशी ठेवलं होतं. मी लहान होते, पाणी आणून देत होते. तो रस्त्याकडे बघत पडला होता. वळणावर काही हललं की म्हणायचा, आली बघ गाडी. आई म्हणायची, येईलच, तो ड्रायव्हर चांगला पोरगा आहे. संध्याकाळी भाऊ गेला. आईने ड्रायव्हरला कधी नाव ठेवलं नाही. आमच्यासाठी परत येता येता गेला बिचारा, म्हणायची. स्तंभापाशी गेली की आधी त्याच्या नावावरची धूळ पदराने पुसायची, मग भावाच्या. मरेपर्यंत."

"असली आहेत," म्हातारा म्हणाला.

लेक वळली. "बाबा—"

"तू गप्प बस." तो उठायचा प्रयत्न करत होता, जमेना, तसा तो खुर्चीतच पुढे सरकला. "असली आहेत. ती खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली. मी चालवायचो ही गाडी."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा हात बॉनेटवरून खाली आला.

"किती जणांची जागा होती?" त्यांनी विचारलं.

"चौघांची."

"किती होते?"

"एक. माझा भाऊ." त्याने श्वास घेतला. "बाकीच्यांना वर आणत होते. मुकादम म्हणाला, थांब, चौघं होऊ दे. माझ्या भावाच्या तोंडातून रक्त येत होतं. मी नाही थांबलो. गाडी काढली."

"मग?"

"घाटाच्या माथ्यावर गेला तो. हाक मारली, ओ दिली नाही. गाडी थांबवून मागे गेलो, तर गार पडायला लागला होता."

"इथवर समजू शकते मी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डात बोलावा तसा शांत होता. "मग परत का नाही आलात?"

गॅरेजपुढून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"वळवली होती," तो म्हणाला. "खालून खाणीचा भोंगा ऐकू येत होता. एका वळणापर्यंत उतरलोसुद्धा. मग वाटलं, काय सांगू? तीन जागा रिकाम्या ठेवून मेलेल्याला फिरवून आणलं, असं सांगू?"

"मग इस्पितळात तरी जायचं. तिथून दुसरी गाडी पाठवता आली असती."

"हो," म्हातारा म्हणाला.

तेवढंच.

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. जावयाने घाईघाईने एक स्टूल पुढे केलं, पण त्या बसल्या नाहीत. "मी सगळा जन्म इस्पितळात काढला," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाची जखम मला अजून दिसते. शिकताना मी मुद्दाम तसल्या जखमांबद्दल विचारायचे. वेळेवर पोचला असता तर वाचला असता तो. असेल-नसेल नाही. वाचला असता."

म्हाताऱ्याचे ओठ हलले.

"माफी मागू नका," बाई म्हणाल्या. "मला द्यायची नाहीये."

त्या फाटकाकडे निघाल्या. लेक मागोमाग गेली. फाटकापाशी बाई थांबल्या.

"गाडी आम्हाला हवी."

"मी आणून देते."

"रंग काढू नका. पांढरी करू नका. लपवलेलं लपवलेलंच दिसू दे. आणि ते यायला नकोत."

"नाही येणार."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," बाई म्हणाल्या.

"हो."

"माझा बाप असता तर मीही बोलले असते की नाही, सांगता येत नाही. पण मला ते आवडलेलं नाही." आणि त्या गेल्या.

नंतरचे दिवस घरात कुणी आवाज चढवला नाही. लेक वडिलांना वेळेवर औषध द्यायची, जेवण द्यायची, नखं कापायची, पाठ चोळून द्यायची. बोलणं मात्र कामापुरतं उरलं. एकदा भांडी विसळताना ती मधेच थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "लग्नाआधीचं माझं आडनावसुद्धा त्यांनी कुठून तरी उचललेलंच असणार ना?" जावई म्हणाला, "असेल." दुसरं काय बोलणार? तिच्या आईला हे माहीत होतं का, हे विचारायला आई राहिली नव्हती, आणि वडिलांना विचारायची तिची छाती होईना.

गाडी आपल्या चाकांवर न्यायची असं जावयाने ठरवलं. त्याने इंजिन खोलून पुन्हा बांधलं, ब्रेक नवे बसवले. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा म्हातारा आत पलंगावर होता. लेकीने दारातून पाहिलं. त्याने दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते.

निघायच्या आदल्या दिवशी ती त्याच्या पलंगाशी बसली. "काकाला कुठे ठेवलंत?"

या नात्याने हा शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"माथ्यावरच. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक मोठा दगड होता, झोपलेल्या बैलासारखा. त्याच्या मागे. फावडं गाडीतच असायचं. वर दगड रचले."

"काही खूण?"

"खूण कशी ठेवणार?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, ती उठायला लागल्यावर, म्हणाला, "बिल्ले काढायला बसलो होतो तिथेच. एक नट हलेना. दुसऱ्याला हात लावला नाही मग. का ते मला आजही सांगता येत नाही. तसाच पुढे निघालो, आणि पुढच्या गावात रंग घेऊन फासला."

शेजारच्या बाईला म्हाताऱ्याकडे लक्ष द्यायला सांगून दोघं निघाले. जावई गाडी चालवत होता. वाटेत पेट्रोल भरताना एका माणसाने बिल्ल्यांकडे बोट दाखवून विचारलं, "असली का हो?" जावई 'हो' म्हणाला आणि पैसे देऊन लगेच निघाला.

दिव्यांच्या जुन्या खोलीबाहेर माणसं जमली होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे सगळ्यांनी त्यांना मुकाट वाट करून दिली. स्तंभावर एका ठिकाणी छिन्नीने नाव काढून टाकलं होतं. खालचं, धाकट्या भावाचं नाव तसंच होतं. काढलेल्या जागेवर दगड खरबरीत राहिला होता. लेकीने पाठीमागे हात बांधले, कारण तिचा हात आपोआप तिकडे निघाला होता.

गाडी आत लावल्यावर माणसं एकेक करून जवळ आली. एक खूप म्हातारी बाई दोन नातींच्या आधाराने पुढे आली. तिचा नवरा त्या दिवशी गेला होता, असं नर्सबाईंनी हळूच सांगितलं. म्हातारीने हौद्यात चढवायला सांगितलं. नातींनी आणि जावयाने मिळून तिला उचलून वर बसवलं. ती फळ्यांवर बसली, दोन्ही हात पसरून तिने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंदाज घेतला.

"केवढी मोठी आहे ही," ती म्हणाली. "मी आपली समजत होते, लहानशी असेल. म्हणून एकालाच नेलं असेल."

जावयाने तिला खाली उतरवलं.

परतीच्या बसमधून ते घाटाच्या माथ्यावर उतरले. रस्ता आता दुप्पट रुंद झाला होता. वरच्या अंगाचा डोंगर सुरुंग लावून सरळ कापलेला, त्यावर दगड घसरू नयेत म्हणून लोखंडी जाळी ठोकलेली. कडेला गटार साफ करणारा एक कामगार होता. लेकीने त्याला विचारलं, "इथे मोठा दगड होता का हो? झोपलेल्या बैलासारखा?"

"इथे सगळे दगडच होते, बाई," तो म्हणाला. "फोडून फोडून रस्त्यात घातले."

जावई थोडं पुढे जाऊन जाळीआड डोकावून आला आणि मान हलवली. दुसरी बस येईपर्यंत दोघं तिथे उभे राहिले. खालून जड गाड्या गियर बदलत चढत होत्या. लेकीला वाटत होतं रडू येईल. आलं नाही.

घरी पोचल्यावर म्हाताऱ्याने आधी गाडीबद्दल विचारलं नाही.

"माथ्यावर थांबलात?"

"थांबलो."

"मग?"

'सापडला' असं म्हणणं सोपं होतं. लेक त्याच्याजवळ बसली. "डोंगर कापून रस्ता मोठा केलाय, बाबा. काही राहिलेलं नाही तिथे."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. तिने त्याचा हात हातात घेतला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. त्याने तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

थंडी पडायच्या आधीच तो गेला. स्मशानातल्या माणसाने नाव विचारलं, तेव्हा जावयाने लेकीकडे पाहिलं. तिने वडिलांचं खरं नाव सांगितलं, स्तंभावरून काढून टाकलेलं. मागे उभे असलेले शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं.